वाए नाराची गाडी

कानिसियुस: नाही, त्याच्याही आधी. आमच्या धाकटीचं लग्न झालं, त्या वर्षी आलो होतो मी इथवर. पूर्वेला भूकंप होऊन समुद्र गावांत शिरला ना, त्याच्या आदल्या सुगीत. तेव्हा हा तिठा नव्हता, पूल नव्हता, आणि हे तुमचं कॉफीचं दुकानही नव्हतं, एंदे रेजीना.

रेजीना: दुकान कुठलं असणार? माझंच लग्न व्हायचं होतं तेव्हा. म्हणजे एकतीस वर्षं झाली, क्राएंग.

कानिसियुस: असतील. मी काही मोजली नाहीत.

रेजीना: मी मोजली. आणि सकाळपासून तुम्ही किती कॉफी प्यायलात तेही मोजलंय. हा चौथा पेला. पहाटेच्या बसनं उतरलात, आता ऊन डोक्यावर आलं.

कानिसियुस: कॉफी चांगली आहे.

रेजीना: चांगली नाही, करपलीय आज. कोंबड्याला तेवढं पाणी दाखवा, चोच वासून बसलाय बिचारा. पांढरा कोंबडा आणि मांडीवर नव्या सोंगकेची घडी. असं विणलेलं काळं कापड घेऊन कुणी बाजारात फिरत नाही. मयताला निघालात, एवढं मला कळतं. वाए नाराला ना?

कानिसियुस: हं. तिकडेच. एक काम आहे.

रेजीना: काम म्हणा. मग जा की! इथे बसून वाए नारा जवळ येत नाही.

कानिसियुस: जायचंच आहे. गाडीचं बघतोय.

रेजीना: गाडीचं बघताय? निळी बस तुमच्या नाकासमोरून गेली.

कानिसियुस: ती नदीपर्यंतच जाते म्हणालात. पुढे सगळा चढ.

रेजीना: मग ट्रॅव्हलवाला आला. सात जणांची गाडी, आत थंड हवा, थेट दारात सोडतो. हात दाखवायचा तर तुम्ही बूट झटकत बसलात.

कानिसियुस: त्याच्या काचा बंद असतात, एंदे. आत अत्तराचा वास. मला गाडी लागते, लहानपणापासून. बंद काचांत तर दुसऱ्या वळणालाच पोट तोंडात येतं.

रेजीना: बरं. म्हणून मी फेलिक्सला थांबवलं. मोटारसायकल, सगळा वारा तोंडावर. त्यानं तुमच्यासाठी हेल्मेट पुसलं! तो माणूस स्वतःचं तोंड पुसत नाही.

कानिसियुस: आणि कोंबडा कुठे धरू? कापड कुठे? त्याच्या कमरेला मिठी मारून बसायचं, या वयात? मी चालत गेलो असतो. कड्याखालून घोड्याची वाट होती ना?

रेजीना: होती. तीन पावसाळ्यांपूर्वी डोंगराबरोबर खाली गेली. आता राहिला बेर्तोचा ओटो कोल. ट्रक आहे, मागे लाकडी बाकं, चारी बाजूंनी उघडा. वारा पाहिजे तेवढा. येईलच इतक्यात.

कानिसियुस: त्या ट्रकांवर गाणी असतात. सकाळी एक गेला, छातीत ठोके पडल्यासारखं झालं मला.

रेजीना: मयताला निघालेल्या माणसासाठी बंद करतात की. या रस्त्याचा रिवाजच आहे तो. चढताना ड्रायव्हरला सांगायचं, कोण गेलं, कधी गेलं. मग गाणं बंद, थेट दारापर्यंत. हॉर्नसुद्धा वाजवत नाहीत.

कानिसियुस: सांगावं लागतं?

रेजीना: न सांगता कसं कळणार त्याला?

कानिसियुस: दुसऱ्या कुणी सांगितलं तर?

रेजीना: नाही चालत. ज्याचं माणूस, त्यानंच सांगायचं. मध्यंतरी लोक खोटंच सांगायला लागले, जरा डुलकी मिळावी म्हणून. एकानं तर आपली सासू दोनदा मारली. तेव्हापासून ड्रायव्हर नाव आणि वार, दोन्ही विचारतात.

कानिसियुस: मग उद्याची ट्रॅव्हलच बरी.

रेजीना: उद्या? क्राएंग, इकडे बघा. आज बुधवार. तिकडे तिसरा दिवस आहे. पेटी उघडीच ठेवलीय. जी गेली, तिच्या माहेरची माणसं काल याच तिठ्यावरून गेली, तीन गाड्या भरून. सगळे पोचले, एक सोडून. भाऊ. तो येऊन तोंडावर कापड ओढेल, मगच झाकण लागायचं. दुसऱ्या कुणाला हात लावता येत नाही. हे मी तुम्हाला सांगायला नको.

कानिसियुस: नको.

रेजीना: तुम्हीच ना ते?

कानिसियुस: कोंबड्यानं पाणी सांडलं सगळं.

रेजीना: सांडू दे. निरोप कधी मिळाला?

कानिसियुस: सोमवारीच. दुपारच्या आत.

रेजीना: आणि काल दिवसभर काय केलंत?

कानिसियुस: घरच्यांना म्हणालो, तुम्ही व्हा पुढे, मी पांढरा कोंबडा शोधून आणतो.

रेजीना: तुमच्या अख्ख्या गोलो रांका गावात पांढरा कोंबडा मिळेना?

कानिसियुस: माझ्याच खुराड्यात तीन होते.

रेजीना: अरे देवा. आणि फोन?

कानिसियुस: घरी विसरलो.

रेजीना: विसरलात.

कानिसियुस: उशीखाली विसरलो.

रेजीना: भांडण होतं का तुमचं?

कानिसियुस: भांडण असतं तर बरं झालं असतं. भांडायला तरी आलो असतो. लग्नाच्या दिवशी ती या खालच्या वाटेनं निघाली तेव्हा माझा सदरा सोडेना. एकोणीस वर्षांची होती. मी म्हणालो, रडू नको, रस्ता होऊ दे, पहिल्या गाडीनं येतो. मग दर वर्षी बोलावणं यायचं. नव्या मक्याला ये, थोरल्याच्या लग्नाला ये, घराला नवं छप्पर घातलंय, बघायला ये.

रेजीना: आणि?

कानिसियुस: आधी रस्ता नव्हता. रस्ता झाला तर पूल नव्हता. पूल झाला तर मला गाडी लागते. आणि वर आम्ही मुलगी देणारे, एंदे. त्यांनी डुक्कर घेऊन आमच्या दारात यायचं. आमच्यात मोठेपणा आमचा. मीही तेच धरून बसलो. बरं पडायचं ते.

रेजीना: ती यायची तिकडे?

कानिसियुस: नऊ वेळा आली. पहिल्यांदा घोड्यावरून, पोटात मूल असताना. मग ट्रकच्या अगदी मागच्या फळीवर, डुकराला टेकून. एकदा मोटारसायकलवर, धाकटीला पाठीशी बांधून, भर पावसात. गेल्या वर्षी ट्रॅव्हलनं आली, पाय सुजून खांबासारखे. मी विचारलं, कशी आलीस गं एवढी? म्हणाली, "बसले आणि आले."

रेजीना: तिचंच बोलणं. अगदी तसंच बोलायची.

कानिसियुस: तुम्ही ओळखायचात तिला?

रेजीना: तुम्ही बाकाच्या ज्या टोकाला बसलाय ना, ते टोक तिचं. दर सोमवारी बाजार उरकला की टोपल्या पायाशी ठेवून बसायची.

कानिसियुस: माझी वाट बघत?

रेजीना: वाट कसली! कॉफी प्यायची, माझ्या नवऱ्याला नावं ठेवायची, आणि तुमच्या बाजूनं गाडी आली की शेवटचा माणूस उतरेपर्यंत तिकडे बघायची. मी चिडवायचे, काय गं, राजा यायचाय का तुझा? तर म्हणायची, "भाऊ. गाडी लागते त्याला, म्हणून उशीर होतोय."

कानिसियुस: असं म्हणायची?

रेजीना: दर सोमवारी. परवा टोपल्या बांधता बांधता पहाटे खाली बसली, ती उठली नाही. इथे दुपारपर्यंत मी तिचा पेला पालथा घालून ठेवला होता. मग कळलं.

कानिसियुस: एंदे, एक सांगू? मी जाईपर्यंत तिचं तोंड उघडं आहे. मी पोचलो, कापड ओढलं, की हातोडा. माझ्याच हातानं. इथे बसलोय तोवर ती तिथे आहे अजून.

रेजीना: आहे. कशी आहे ते बेर्तोला विचारा. आलाच बघा तो.

(वळणावरून लाकडी ट्रक येतो, आधी गाणं पोचतं, मग धूळ, मग ट्रक.)

बेर्तो: एंदे रेजी! एक कॉफी, गोड, आणि पळत! मागे बर्फ वितळतोय माझा!

रेजीना: ते गाणं आधी हळू कर, मेल्या! कान गेले माझे.

बेर्तो: हळू केलं तर डुकरं रडायला लागतात. हे घे, केलं. तुझ्यासाठी डुकरांचा शाप घेतला.

रेजीना: आज पुन्हा बर्फ?

बेर्तो: तिसरी खेप, वाए नाराची. बंदरावरचा मासेवाला विचारतो, अरे, डोंगरात एवढा कुठला मासा सापडला? काय सांगू त्याला? आणि ही शेवटची लादी. उद्या बंदर बंद. आजचा दिवस निघेल, उद्याचा नाही.

कानिसियुस: आजचा निघेल?

बेर्तो: संध्याकाळपर्यंत, क्राएंग. काल तिचा नवरा मला म्हणाला, बेर्तो, आता मी तिच्या उशाशी बसून पंखा हलवतो, दुसरं काय करू? रडत नव्हता. पंखाच हलवत होता. त्या भावाला म्हणे मोठेपणा पाहिजे! खांद्यावर बसवून आणायचं का त्याला? तो मला भेटू दे एकदा, मी त्याला डुकरांच्या मध्ये बसवतो, शेपट्या मोजत येईल.

रेजीना: बेर्तो.

बेर्तो: नाही, बोलू दे मला! एंदे योविता किती वर्षं मागे लागली होती माझ्या. माझा भाऊ चढला तर मागे बसवू नको, पुढे बसव, खिडकीशी. तिसऱ्या वळणावर झऱ्यापाशी थांब, त्याला खाली उतरू दे, घाई करू नको. आल्याचा तुकडा देऊन ठेवला होता, तोंडात धरायला. तो बघ, काचेपाशी डबीत आहे, वाळून दगड झालाय. दर सुगीला नवा आणून द्यायची.

रेजीना: आणि ओळखायचं कसं त्याला, ते नाही सांगितलं?

बेर्तो: सांगितलं ना! मी विचारलंच होतं. म्हणाली, चांगल्या भल्या गाडीकडे जो साप दिसल्यासारखा बघेल, तो माझा भाऊ.

रेजीना: मग बघ की.

बेर्तो: काय बघू?

रेजीना: बाकावर बघ.

बेर्तो: क्राएंग... मी आपलं... माझ्या जिभेला हाड नाही. ते डुकरांचं, मी तसं...

कानिसियुस: बरोबरच बोललास तू. पुढची जागा रिकामी आहे?

बेर्तो: तांदळाचं पोतं आहे. काढतो. हे काय, काढलंच.

कानिसियुस: आणि कोंबडा?

बेर्तो: मांडीवर घ्या, मध्ये ठेवा, माझ्या डोक्यावर ठेवा. तुम्ही फक्त चढा. तिसऱ्या वळणावर थांबतो मी, झऱ्यापाशी. कितीही वेळ.

कानिसियुस: नको थांबू. बर्फ आहे मागे.

बेर्तो: पण तुम्हाला गाडी...

कानिसियुस: लागू दे. ती डबी दे इकडे.

बेर्तो: आलं खाण्यासारखं राहिलं नाही हो ते.

कानिसियुस: तोंडात धरायचंय नुसतं.

रेजीना: हे लिंबाचं पान घ्या. चुरगळून नाकाशी धरा. आणि पायाखाली बघू नका, लांबच्या डोंगराकडे बघा. कापड नीट धरा, धूळ बसेल.

कानिसियुस: एंदे, परतताना इथेच उतरेन मी. तोवर सोमवार आलेला असेल बहुतेक.

रेजीना: टोक रिकामं ठेवते.

बेर्तो: क्राएंग, एक राहिलं. मला विचारायला नको खरं तर, सगळं माहीतच आहे. पण मागे अकरा माणसं बसलीत, आणि रिवाज म्हणून...

कानिसियुस: गाण्याचं ना?

बेर्तो: हो.

रेजीना: तो थांबेल, क्राएंग. सावकाश.

कानिसियुस: योविता. गोलो रांकाची. माझी धाकटी बहीण. सोमवारी पहाटे वारली.