बॉल तिच्याकडं येऊ नये म्हणून

मी मूळची कोल्हापूरची, पेठेतली, आणि खरं सांगते, फुटबॉलचा मला लहानपणापासून वीट. हसू नका. आमच्याकडं तालमी-तालमींच्या टीमा, मॅच असली की सगळी पेठ स्टेडियमात, माझ्या वडिलांची पिठाची गिरण होती ती पण बंद, बायका दळणाचे डबे घेऊन दारात ताटकळतायत आणि आमचे आबा तिकडं घसा फोडून ओरडतायत, आणि हरले की घरात कुणी भांडं आपटायचं नाही. माझा दादा गोलकीपर. एका मॅचला त्याचा गुडघा असा फिरला की आज साठी आली तरी जिना उतरताना कठडा धरतो. त्यामुळं लग्न होऊन लीड्सला आले तेव्हा मनात म्हटलं, सुटले बाई एकदा. पण काय सांगू तुम्हाला, सुटतंय कुठलं. आमची तन्वी, एकुलती एक, शाळेतून एक दिवस आली ती हातात एवढे मोठे ग्लोव्ह्ज घालूनच. मी डोक्याला हात लावला. सगळं सोडून गोलकीपरच व्हायचं होतं तिला!

आमचे हे बस चालवतात, शनिवार-रविवार तेव्हा त्यांची ड्यूटी, मग मॅचला कोण नेणार, मी. तो वारा, तो चिखल, सगळ्या गोऱ्या आया घडीच्या खुर्च्या घेऊन आरामात बसलेल्या, आणि मला काही बसवायचं नाही, मी आपली भिंगरी लागल्यासारखी या कडेनं त्या कडेला. तोंडात एकच, अंबाबाई, बॉल तिच्याकडं येऊ देऊ नको. एकदा हे तिच्या कानावर गेलं. एवढीशी पोरगी, कमरेवर हात ठेवून मला म्हणते, आई, बॉल आली नाही तर मी उभी कशाला आहे? तिचं मराठी असंच, बॉल आली, ट्रेन आला. मी म्हटलं, बरं बाई, तू उभी राहा, मी माझं बघते. पण देवीला सांगायचं काही मी सोडलं नाही.

तर ती अशी वाढली, इथल्या लहानसहान क्लबातनं खेळली, आणि एक दिवस म्हणते, आई, अमेरिकेतून विचारलंय. तिकडची बायकांची लीग म्हणजे मोठं नाव, जगातल्या पोरी जातात तिथं. ह्यांना तर आभाळ ठेंगणं झालं. मला विचाराल तर मी कॅलेंडर काढून महिने मोजायला बसले. मी म्हटलं, एक सीझन. एकच. मग घरी यायचं. ती म्हणाली, ओके, प्रॉमिस. एअरपोर्टवर परत म्हणून घेतलं तिच्याकडनं. ती म्हणाली, आई, प्लीज, डोन्ट स्टार्ट. आणि गेली.

गेली ती जाऊन बेंचवर बसली. त्यांची पहिली गोलकीपर होती मॅडी म्हणून, उंच, दणकट, तिच्यापुढं दुसरीला कोण उतरवणार? गोलकीपरचं असंच असतं हो, बाकीच्यांना थोडा थोडा वेळ तरी खेळायला मिळतो, हिला पहिली पडल्याशिवाय मिळत नाही. आम्ही टीव्ही लावून बसायचो, तिकडची दुपार म्हणजे इथली संध्याकाळ, आणि मी मॅच बघतच नव्हते, कॅमेरा बेंचकडं कधी वळतो तेवढं बघायची. एखाद्या वेळी दिसायची, कोट घालून, टाळ्या वाजवताना. की मी ह्यांना म्हणायची, वाळलीय हो. दादाचा कोल्हापूरहून फोन, काय गं, उतरली का भाची? नाही रे. मी हॉस्पिटलात वॉर्डावर चहा-जेवणाची ट्रॉली फिरवते, तिथं एक म्हातारा पेशंट, पायाच्या दुखण्यानं सारखा यायचा, तो पण लांबूनच ओरडायचा, इकडं सगळ्यांनाच लव म्हणायची पद्धत, काय लव, तुझी पोरगी खेळली का? अजून नाही म्हटलं की म्हणायचा, त्यांच्या कोचला डोळे नाहीत. मला त्याला जास्तीचं बिस्किट द्यावंसं वाटायचं, द्यायची पण.

आणि माझी गंमत सांगू का, धरलं तर चावतंय सोडलं तर पळतंय. ती खेळावी असं वाटायचं, कारण फोनवर तिचा आवाज पार बसलेला, जेवलीस का विचारलं तर हूं, झोपलीस का विचारलं तर हूं. आणि खेळू नये असं पण वाटायचं, कारण नाही खेळली तर ठेवणार नाहीत, मग येईल गुमान घरी. देवीपुढं दिवा लावून उभी राहायची आणि मागू काय तेच कळंना. शेवटी एका शनिवारी रात्री फोनवर तिचा तो आवाज ऐकला आणि रविवारी सकाळी दिवा लावताना तिरीमिरीत बोलून गेले, अंबाबाई, एकदा तरी उतरव गं माझ्या लेकीला.

त्याच संध्याकाळी मॅडी पडली. समोरची पोरगी धावत आली, ही आडवी झाली, दोघी आदळल्या, मॅडी उठेचना. गुडघा धरून बसली. आणि आमचे हे टाळी वाजवून उभे, अगं तनू येणार, तनू! मी असली खवळले, म्हटलं अहो, लाज वाटू द्या जरा, कुणाची तरी लेक पडलीय तिथं. त्यांना म्हटलं खरं, पण सकाळी देवीपुढं बोलले होते ती मीच. मला आमचा दादा दिसत होता, चौघांनी उचलून दारात आणलेला. म्हटलं देवी, मी असं नव्हतं गं मागितलं.

तन्वी उतरली, हिरवा शर्ट, केस घट्ट बांधलेले. आणि ज्याच्यासाठी जीव टाकला ते मला बघवेना, मी उठून किचनमध्ये गेले आणि धुतलेली भांडी परत धुवायला लागले. बाहेरनं ह्यांचा आवाज, गेला, गोल झाला! मग बऱ्याच वेळानं, अडवला! अगं बघ तरी, काय अडवलाय! मी नळ मोठा केला.

नंतरच्या सगळ्या मॅच तन्वीच खेळली. कधी जिंकले, कधी हरले. पण मला चैन नाही, मॅडीचा गुडघा डोक्यातून जाईना. एक दिवस व्हिडिओवर तन्वी म्हणाली, मॅडी आलीय, सोफ्यावर पडलीय. मी म्हटलं, फोन तिच्याकडं कर, आणि तिला म्हणावं हलू नकोस. मीठ-मोहऱ्या घेतल्या, लाल मिरच्या घेतल्या, आणि फोनवरनंच ओवाळलं, आल्यागेल्याची, बघणाऱ्याची, आणि हळूच म्हटलं, माझी पण. आणि टाकलं तापल्या तव्यावर. त्या धुरानं स्मोक अलार्म जो बोंबलायला लागला! हे टॉवेल घेऊन त्याच्याखाली नाचतायत, मी खोकतेय, शेजारीण दार ठोठावतेय, आणि तिकडं मॅडी हसून हसून लोळतेय. तन्वीनं तिला समजावून सांगितलं. तर मॅडी म्हणते, आँटी, हे तन्वीचं पण करा, कारण मी बरी होऊन परत येणार आहे आणि तिला माझ्याशी भांडावं लागणार आहे. गुणाची पोरगी हो. माझ्या डोळ्यात पाणी आलं, मी म्हटलं मिरच्यांचं आहे.

सीझन संपला. मी तिच्या खोलीतल्या चादरी बदलल्या, चकल्यांची भाजणी केली. मी वॉर्डावर असताना फोन आला. आई, क्लब अजून एक वर्ष राहा म्हणतंय. पण मी तुला प्रॉमिस केला होता. तू ये म्हणालीस तर येते. मी ट्रॉली भिंतीला लावली. विचारलं, राहिलीस तर खेळशील का? म्हणाली, माहीत नाही, मॅडी येणार. आणि इकडं? तिकडं इंग्लंडात पण एक क्लब तयार आहे, आई, तिथं रोज खेळीन. मग आणखी काय पाहिजे तुला, मी म्हटलं.  तर म्हणते, इथं बॉल जोरात येते, आई.

काय सांगू तुम्हाला. ये, हा शब्द माझ्या जिभेवर होता, महिनाभर नुसता चघळत होते मी तो. आणि तोंडातनं आलं, राहा. काय? राहा म्हटलं, राहा तिथंच, आणि जेवत जा वेळेवर. फोन ठेवला आणि वॉर्डाच्या चादरी ठेवतात त्या खोलीत जाऊन पोटभर रडले. मग म्हाताऱ्याला चहा नेऊन दिला. तो म्हणाला, काय झालं, लव, हरली का? मी म्हटलं, नाही, हरले ती मी.

आता दुसरा सीझन चालू आहे. मॅडी बरी झालीय, देवाची कृपा, आणि आमची परत बेंचवर. मॅच लागली की मला अजून बसवत नाही, हे ओरडतात, अगं टेक जरा. भाजणीचा डबा तसाच आहे, कोण आलंगेलं तर करते त्यातल्या चकल्या, तुम्हाला पण देते थांबा. पण सकाळी दिवा लावते ना, तेव्हा आता घोटाळा होत नाही. मी म्हणते, अंबाबाई, दोघींचे गुडघे सांभाळ. आणि माझी जेव्हा कधी उभी राहील तेव्हा येऊ दे बॉल तिच्याकडं. जोरात येऊ दे.