दुसऱ्या खिडकीतले रक्त

मयत महिलेची थोरली बहीण, वय ६३ वर्षे, धंदा: निवृत्त ग्रंथपाल, राहणार: बहिणीच्याच इमारतीत, तिच्या वरचा मजला.

समक्ष हजर राहून जबाब देते की, आम्ही दोघी नन्सच्या शाळेत शिकलो. मी तिसरीत आणि ती पहिलीत असताना शाळेत लस टोचायला माणसे आली. ती बाकाखाली लपली. मी तिच्या नावाने पुन्हा रांगेत उभी राहिले. माझे दोन्ही दंड सुजले. तिने आठवडाभर माझे दप्तर उचलले.

दि. ४ रोजी सकाळी साडेसातला आम्ही थायरॉईडच्या तपासणीसाठी उपाशीपोटी प्रयोगशाळेत गेलो. दोघींनाही थायरॉईडची गोळी चालू होती. तिचे हृदय आधीपासून नाजूक होते. पहिल्या खिडकीत माझे रक्त घेतले. तिचा नंबर दुसऱ्या खिडकीत लागला, तेव्हा ती पांढरीफटक पडली. "अक्का, तूच दे ना. दोघींचं रक्त एकच की गं," असे म्हणाली. मी तिची चिठ्ठी घेऊन बसले. तिथल्या मुलीने नाव विचारले, वय विचारले, चिठ्ठीशी ताडून पाहिले. मी बहिणीचे सांगितले. दुसरा हात मी आपणहून पुढे केला.

दोन्ही अहवाल सारखे आले. बहिणींनी आजारसुद्धा वाटून घेतला, असे मेहुणे हसून म्हणाले. वास्तविक मी महिनाभर गोळी चुकवत होते, म्हणून माझा टीएसएचचा आकडा वाढला होता; गोळी कमी पडली की तो वाढतो. डॉक्टरांनी तोच तिच्या अहवालात पाहून तिची गोळी दुप्पट केली. हे मला ठाऊक होते. छाती धडधडते, असे तिने मला जिन्यात दोनदा सांगितले. "यांना बोलू नकोस, परत टोचायला नेतील," म्हणाली. मी बोलले नाही.

सहा आठवड्यांनी तिला रुग्णालयात नेले. तिथे तिचे स्वतःचे रक्त तपासले, त्यात थायरॉईडचे हार्मोन फार जास्त निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी ती गेली.

प्रयोगशाळेत रक्ताच्या नळ्या बदलल्या, अशी मेहुण्यांची तक्रार आहे. त्यावरून दुसऱ्या खिडकीतल्या मुलीला घरी बसवले आहे. तिची काही चूक नाही. दोन्ही नळ्यांत माझेच रक्त होते.

हे मला वाचून दाखवले. त्यात वाढवण्यासारखे वा खोडण्यासारखे काही नाही. याची पहिली प्रत त्या मुलीला द्यावी, दुसरी प्रयोगशाळेच्या मालकांना. मेहुण्यांची प्रत मी नेणार होते, ती आपणच पोचवावी. त्यांचा वाचायचा चष्मा रुग्णालयापासून माझ्याकडे राहिला आहे. तोही सोबत द्यावा.