नटावरची रेघ

मुलगी : बाबा, वाकू नका खाली. अजिबात नाही. त्या मदतवाल्याचा फोन आला होता, मागच्या वळणापर्यंत पोचलाय तो.

वडील : मी नुसता बघत होतो.

मुलगी : कमरेपर्यंत गाडीखाली गेल्यावर त्याला नुसतं बघणं म्हणत नाहीत.

वडील : आवाज डाव्या बाजूचाच होता ना? पुढच्या चाकापाशी?

मुलगी : हो. आधी खड्ड्यात गेली की खट. मग साध्या रस्त्यावरही खट-खट. पुढे हा एवढा घाट, माझी छातीच होईना. म्हणून घेतली कडेला.

वडील : बरं केलंस. म्हणजे शॉकअपच. मी परवा दोन्ही बाजूंचे बदलले, त्यातलाच.

मुलगी : लगेच असं कशाला धरून चालायचं? जुनी गाडी आहे. फोर-व्हील ड्राइव्ह म्हटल्यावर खाली शंभर भानगडी असतात.

वडील : शंभर असतील, मी हात एकाच भानगडीत घातला होता. लाव दादाला फोन. सांग, तुझंच खरं झालं. उद्या ये आणि घरामागच्या शेडमधली माझी हत्यारं घेऊन जा म्हणावं.

मुलगी : उगाच काहीतरी बोलू नका.

वडील : उगाच काय? तुम्ही दोघा भावंडांनीच ठरवलंत ना, बाबांचा हात थरथरतो, बाबांनी आता गाडीखाली जायचं नाही. मी दादाला म्हटलं, एक गाडी करून दाखवतो, हिचीच. ही घाट चढून आईला मावशीकडून घेऊन येईल. गाडीने कुरकुर केली नाही तर शेड माझी, केली तर शेडला कुलूप. तू हो म्हणाली होतीस.

मुलगी : म्हणाले होते. तुम्ही जिंकाल म्हणून म्हणाले होते.

वडील : मग? घाट चढायच्या आधीच खट-खट. तू सकाळपासून गप्प आहेस, ते काय मला कळत नाही होय? एरवी तुझं तोंड मिटत नाही. तुलाही आधीच शंका होती.

मुलगी : बाबा, तो आला बघा.

मेकॅनिक : नमस्कार ताई! तुमचाच फोन ना? अरे वा, फोर बाय फोर! म्हणून आमच्या ऑफिसातल्या बाई दोनदा विचारत होत्या. पाठीवर घेणारा ट्रक आणलाय मी. हिची दोन चाकं उचलून दोन जमिनीवर ठेवली असती तर गिअरबॉक्सचं वाटोळं झालं असतं.

वडील : तेवढं कळणारा माणूस आला, नशीब माझं.

मेकॅनिक : काका आमच्याच लाइनमधले दिसतात.

वडील : होतो.

मुलगी : आहेत.

मेकॅनिक : मग मी जरा सांभाळूनच बोलतो. ट्रकवर घालायच्या आधी एकदा खाली डोकावू का? इथेच सुटत असेल तर कशाला वरात काढायची? उजवीकडून सुरुवात करतो, चांगली बाजू आधी बघितली की वाईट पटकन कळते.

वडील : टॉर्च तिरका धर. तिथे चेसिसची सावली पडते.

मेकॅनिक : धरला. काका, ही लाल रेघ कसली? या नटावर आहे, त्याही नटावर आहे.

वडील : नेलपॉलिश आहे. हिच्या आईचं. नट पक्का आवळून झाला की नटावरून बोल्टवर एक रेघ ओढायची. नट जरा जरी फिरला तर रेघ तुटते. पाना न लावता नुसतं बघून कळतं.

मेकॅनिक : आम्ही पेनने करतो. फक्त आमच्या रेघा जरा सरळ असतात.

वडील : माझा हात थरथरतो. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

मेकॅनिक : रेघ थरथरली असेल, नट नाही. माझा पाना तसूभर सरकेना. रेघा सगळ्या नागमोडी, पण एकही तुटलेली नाही. वर, खाली, सगळं जिथल्या तिथे. आता डावीकडे येतो.

मुलगी : बाबा, तुम्ही त्या दगडावर बसा बरं.

वडील : उभाच बरा आहे मी.

मेकॅनिक : वरचे नट ठीक. रेघा ठीक. खालचा... हं. सापडलं. शॉकअपचा खालचा नट ढिला आहे. रेघ तुटलीय.

वडील : झालं तर मग. ऐकलंस? झालं.

मुलगी : बाबा...

वडील : नाही, बरोबर आहे दादाचं. तू गाडी चालवत असतीस, मागे आई असती, आणि माझ्या हातून... नको. दे ती किल्ली इकडे, शेडची. तुझ्याकडेच राहू दे म्हणून दिली होती ना, आता मीच देतो दादाला.

मेकॅनिक : काका, जरा दम धरा. आपोआप ढिला झालेला नट असा दिसत नाही. याचे कोपरे खाल्लेत. मोठ्या मापाचा पाना लावून कोणीतरी जोर काढलाय. आणि रेघेवरून पाना घासलाय, म्हणजे रेघ ओढल्यानंतरच.

वडील : रेघ ओढल्यावर मी पाना लावत नाही. उभ्या जन्मात लावला नाही. आणि मोठ्या मापाचा तर नाहीच नाही.

मेकॅनिक : मग नंतर दुसऱ्या गॅरेजमध्ये नेली होती का? ताई?

मुलगी : गॅरेजमध्ये नाही नेली.

वडील : मग कुठे नेलीस?

मुलगी : कुठेच नाही. मीच गेले होते खाली.

वडील : तू?

मुलगी : आज सकाळी. तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा. जुनी चादर अंथरली, तुमच्या पेटीतला पाना घेतला आणि शिरले. रागावू नका ना! कप ठेवताना बशी वाजते तुमची, मला रात्रभर तेच ऐकू येत होतं. वाटलं, एखादा नट जरी राहिला असेल तरी दादाचं खरं होईल. आपण गुपचूप आवळून टाकू, कोणाला कळणार नाही. मला तुम्हाला पास करायचं होतं, बाबा.

वडील : आणि आवळलास?

मुलगी : हो. जीव खाऊन. आधी दोनदा पाना सटकला, मग फिरला. म्हटलं, बाप रे, खरंच ढिला होता! बरं झालं मी बघितलं. म्हणून तर सकाळपासून गप्प होते. तुमच्या हातून राहून गेलं हे कोणालाही सांगायचं नाही, तुम्हालासुद्धा नाही, असं ठरवलं होतं मी.

वडील : कुठल्या बाजूला फिरवलास?

मुलगी : उजवीकडे. तुम्हीच सांगायचात ना, उजवीकडे घट्ट, डावीकडे ढिला.

वडील : तू पडली होतीस कुठे?

मुलगी : चाकाच्या पुढे. तिथून हात पोचत होता.

वडील : नटाचं तोंड मागे आहे, ठमे! तू पुढून, बोल्टच्या बाजूने बघत होतीस. तिकडून तुझं उजवं ते नटाचं डावं.

मेकॅनिक : म्हणजे ताईंनी जीव खाऊन ढिला केला!

मुलगी : अगं आई गं.

वडील : बाकीच्या नटांना हात लावलास?

मुलगी : लावणार होते. तेवढ्यात बाथरूमची कडी वाजली.

वडील : हसू नकोस रे तू. आणि तूही रडू नकोस. थांब, मला जरा त्या दगडावर बसू दे.

मुलगी : रागावलात?

वडील : रागावलोय. भयंकर रागावलोय. पण ते घरी जाऊन बघू, आत्ता मला राग येतच नाहीये. केवढं हलकं वाटतंय म्हणून सांगू! नट सुटला नव्हता. माझ्या हातून सुटला नव्हता.

मुलगी : नव्हता, बाबा. एकही नव्हता.

मेकॅनिक : काका, माझ्याकडे या मापाचा नवीन नट आहे. घालून देतो. चाकं जमिनीवर आहेत तेच बरं, गाडीचं वजन असतानाच आवळलेला चांगला.

वडील : घाल तू. शेवटचा पीळ मात्र हिला देऊ दे. मागच्या बाजूने जा. नटाच्या तोंडाशी तोंड कर. आता सांग, कुठे फिरवशील?

मुलगी : उजवीकडे. इकडून उजवीकडे.

वडील : शाब्बास. अजून. आता पाना अडला की थांब, उगाच पराक्रम दाखवू नकोस. तू तपास रे एकदा.

मेकॅनिक : पक्का आहे. मी त्या खडबडीत पट्ट्यावरून एक चक्कर मारून येतो.

(तो गाडी घेऊन जातो. बापलेक कान देऊन उभे राहतात. थोड्या वेळाने गाडी परत येते.)

मेकॅनिक : चिडीचूप! मुद्दाम खड्डे शोधून घातली. आता ऑफिसात बिघाडाचं कारण काय सांगू?

वडील : घरगुती म्हणून सांग.

मुलगी : आणि दादाला काय सांगायचं? तो विचारणार.

वडील : त्याला सांग, शेडमध्ये काम शिकायला नवीन उमेदवार आली आहे. यापुढे मी एकटा गाडीखाली जाणार नाही, ही बरोबर असेल. त्याचंही राहिलं, माझंही राहिलं. काय, येणार ना? की पुन्हा माझ्या आंघोळीची वाट बघणार?

मुलगी : येणार. रोज येणार. चला, आई वाट बघत असेल.

वडील : काम संपलं नाही अजून. गाडीच्या पुढच्या कप्प्यात बघ, तुझ्या आईची नेलपॉलिशची बाटली आहे.

मुलगी : अहो, आई घरभर शोधत होती ही! मला विचारून विचारून थकली.

वडील : मलाही विचारलं होतं. मी म्हटलं, मला काय माहीत बायकांच्या गोष्टी. जा, ओढ रेघ. नटावरून सुरू करून बोल्टवर ने.

मुलगी : मी? तुमची रेघ असते ती.

वडील : नट तू आवळलास ना? मग रेघ पण तूच ओढायची.

मुलगी : ...बाबा, वाकडी आली हो. पुसून परत ओढू?

वडील : राहू दे. नट घट्ट आहे.