चोवीस शब्द कोणाकडे

नाही नाही, ललिताताई, ते मोबाइलमधलं बिटकॉइनचं वॉलेट नकोच — मोबाइल कुठेही ठेवून येणारा माणूस मी, परवा जिन्यात सापडला म्हणून तुम्हीच नाही का वर आणून दिलात? आणि ते कंपनीवालं, किल्ली कंपनीच्याच हातात, तेही नको. सोयीचं आहे, पासवर्ड विसरलो तर नवा देतात, सगळं मान्य — पण मग माझ्याकडे सांभाळायला काय उरलं? मला सांभाळायला काहीतरी हवंय. लॅपटॉपवर ते तिसरं दाखवा, पेनड्राइव्हसारखं. बटणं फारच बारीक आहेत हो, माझा हात थरथरतो — पण असू दे. ह्यात चोवीस शब्द मिळतात ना? साधे इंग्रजी शब्द, क्रमानं लिहून ठेवायचे. यंत्र मोडलं तरी शब्द असले की सगळं परत मिळतं, आणि शब्द दुसऱ्याच्या हाती लागले की सगळं त्याचं. दोन हजार अठ्ठेचाळीस शब्दांच्या यादीतून चोवीस — किती शक्यता होतात ते आत्ता कागदावर मांडून दाखवीन. छत्तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलंय. उपयोग? काही नाही.

मला कसं माहीत म्हणजे? आमच्या वल्लरीमुळे. नात हो, सलिलची मुलगी, वाघोलीला मैत्रिणींबरोबर राहते ती. पहिल्या नोकरीपासूनची तिची सगळी शिल्लक ह्यात आहे. दिवाळीत आली, हातात पाकीट दिलं, म्हणाली, आबा, हे शब्द तुमच्याकडे ठेवा, तुमच्याइतकं नीटनेटकं कोणी नाही. तुमच्याइतकं नीटनेटकं! निवृत्तीनंतर इतकं चांगलं मला कोणी काही म्हणालं नव्हतं. फोटो मात्र काढू नका, एवढंच बजावलं. मी फोटो काढला नाही. मी झेरॉक्स काढली. हसू नका — आयुष्य विद्यापीठात गेलं, मूळ कागद एक आणि प्रती तीन, त्याशिवाय काम झाल्यासारखं वाटत नाही. कोपऱ्यावर गेलो, तीन प्रती घेतल्या, तिन्ही लॅमिनेट केल्या, आणि मूळ कागद राहिला मशीनच्या काचेवर. दोन दिवस! दुकानदार भला, त्यानं खणात जपून ठेवला होता, वर चिठ्ठी — 'सरांचा'. वल्लरीला कोणी सांगितलं? मीच. राहवेना. ती चिडली असती तर बरं झालं असतं. 'असू दे, आबा' म्हणाली, आणि तिथेच, तुम्ही बसलायत ना, त्याच खुर्चीत बसून सगळं नव्या वॉलेटमध्ये हलवलं. नवे चोवीस शब्द. ते मला नाही दिले.

कोणाला दिले विचारा. भैरूअण्णांना! आमचे व्याही, सुनेचे वडील — लोणी काळभोरला ऊस आणि दोन म्हशी. सातवी पास. इंग्रजीचं एक अक्षर वाचता येत नाही, आणि वल्लरी म्हणते, तेच तर बरंय, आबा! म्हणजे माझं शिक्षणच आडवं आलं म्हणायचं. माणूस वाईट नाही हो. वाईट असता तर सोपं झालं असतं. फोन आला की ती आधी त्यांची चौकशी करते — हो, मी मोजतो. ह्या वयात मोजतो.

गेल्या महिन्यात गेलो होतो त्यांच्याकडे जेवायला. सहज म्हटलं, अण्णा, बघू तरी पाकीट, वाळवी नाही ना लागली? खरं सांगू? त्यांनी दाखवावं असं वाटत होतं मला. लगेच वल्लरीला सांगता आलं असतं, बघ, तुझे अण्णाही तसलेच. तर ते म्हणाले, "पोरीनं कुणाला दावू नका म्हणलंय, सर. तुमास्नीबी न्हाई." आणि वाटीत आमटी वाढली. मान खाली घालून ओरपली मी.

तर हे तिसरं घेऊ या. त्यात ठेवणार काय? काही नाही. रिकामंच ठेवणार. असे काय बघताय? चोवीस शब्द माझेही असतील, ते वर्षभर एकाही प्रतीशिवाय सांभाळून दाखवीन, आणि मग दिवाळीत तिला म्हणेन — तिनं तिचे शब्द परत माझ्याकडे द्यावेत एवढंच, दुसरं काय? नाहीतरी अण्णांचा तो बंदोबस्त काय बंदोबस्त आहे? बोलले नाहीत, पण मी पाकीट म्हणताच नजर गेली ना! माजघरातल्या तांदळाच्या पत्र्याच्या डब्याकडे. मी तेव्हाच ओळखलं, तिथेच —

काय म्हणालो मी आत्ता?

नाही, तुमच्यावर अविश्वास नाही, ललिताताई. तुम्ही कोणाला सांगणार नाही, माहीत आहे मला. तोही दुकानदार भलाच होता.

बंद करा तो लॅपटॉप. नको, कुठलंच वॉलेट नको. मला फोन करायचाय. हो, अण्णांनाच. डबा बदला म्हणून सांगतो — आणि कुठे हलवलंत ते मला सांगू नका.

या तुम्ही. दार ओढून घ्या.