फख्री खानमने परत पाठवलेली चौथी बाई

नाव तूबा रज्जाकी, वय ३६ वर्षे, व्यवसाय गुलाबपाण्याच्या भट्टीवर वास तपासणे, राहणार कमसर, काशानजवळ.

मी तेहरानच्या या पोलीस चौकीत समक्ष हजर होऊन सांगते की, मला कोणीही बोलावलेले नाही. कामयाब नूरी याला डॉक्टर नसताना नाकाची ऑपरेशने केल्याबद्दल अटक झाली, आणि त्याच्याकडे नोंदणीच्या टेबलावर बसणाऱ्या फख्री बेहनाम, वय अंदाजे ५२, यांनाही साथीदार म्हणून धरले, ही बातमी मी काल फोनवर वाचली. आज पहाटेच्या बसने निघून आले.

मी नऊ वर्षांची असताना बाबांनी बांधलेल्या झोपाळ्याची फळी लागून माझे नाक मोडले. मधे उंचवटा आला आणि डावी नाकपुडी जवळजवळ बंद झाली. माझे काम उजव्या नाकपुडीवर चालत होते. गेल्या वर्षी मी नाक करून घ्यायचे ठरवले. आई म्हणाली, "तुझ्या बाबांची एवढीच एक आठवण शिल्लक होती घरात, तीही तासून टाक!" पण बसभाड्याचे पैसे तिनेच काढून दिले.

भट्टीतल्या एका मुलीकडून मला नूरीचा पत्ता मिळाला. मेहर महिन्याच्या, म्हणजे शरदाच्या पहिल्या महिन्याच्या, चार तारखेला सकाळी दहाच्या सुमारास मी तिथे गेले. इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर घर होते, दारावर पाटी नव्हती. नूरीने मला खुर्चीवर बसवून बाजूने फोटो काढला आणि फोनवर माझे नवे नाक दाखवले. नाक सुंदर होते. तो म्हणाला, "ताई, मी सगळं आतूनच करतो. बाहेर टाका नाही, व्रण नाही. उघड्या पद्धतीवाले नाकाची कातडी उचलतात, दोन नाकपुड्यांमधल्या दांडीवर जन्मभराची खूण ठेवतात. तुम्हाला ती हवीय का?" मी नको म्हणाले. त्याने माझ्या नाकात डोकावून पाहिले नाही. ऑपरेशन तिथेच, त्याच दुपारी ठरले.

मी बाहेर येऊन फॉर्म भरून दिला. टेबलावरच्या फख्री बेहनाम, ज्यांना तिथे सगळे आदराने फख्री खानम म्हणजे फख्रीबाई म्हणत, त्यांनी तो वाचला आणि मला लिफ्टपाशी नेले. त्या म्हणाल्या, "डावी बाजू बंद आहे असं तू लिहिलंयस. त्याला सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं नाही."

"पोरी, मी वीस वर्षं ऑपरेशन थिएटरात हत्यारं पुढे केलीत. नुसता उंचवटा असला तर ही आतून करायची बंद पद्धत चांगलीच. सूजही लवकर उतरते. पण तुझा आतला पडदा वाकलाय. तो डोळ्यांनी बघून सरळ करायला हवा. याला एवढंच जमतं, म्हणून हा सगळ्यांना हेच सांगतो. काम काय करतेस?"

मी सांगितले. त्यांनी कपाळावर हात मारला. "नाकावर पोट आहे तुझं, आणि तू इथे आलीस! निघ. या महिन्यात तिघींना परत पाठवलंय, चौथी तू. मी सांगेन, घाबरून पळाली."

त्यांनी फॉर्म परत माझ्या हातात दिला. मी जिन्याने खाली उतरले. आतून नूरीचा ओरडण्याचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता.

नूरी डॉक्टर नाही, असे फख्री खानम मला म्हणाल्या का, असे साहेबांनी विचारले. तसे शब्द त्या म्हणाल्या नाहीत. त्यांना ते ठाऊक असेल तर त्या तिथे का राहिल्या, हे मी त्यांना विचारले नाही. त्या वेळी मला माझ्याच नाकाचे पडले होते. तिघींना परत पाठवल्याचे वाक्य त्यांच्या बाजूचे आहे की विरुद्ध, हे मला कळत नाही. त्या तसे म्हणाल्या, म्हणून सांगितले.

पुढे काशानला डॉ. वसीगी यांनी आरसा आणि दिवा घेऊन माझे नाक आतून तपासले. त्यांनीही तेच सांगितले. पुढच्याच, आबान महिन्यात त्यांनी उघड्या पद्धतीने ऑपरेशन केले, पडदा सरळ केला आणि त्यातल्याच मऊ हाडाच्या पट्ट्या आधाराला लावल्या. सूज उतरल्यावर वास परत येईलच अशी हमी त्यांनी दिली नाही. सहा आठवडे मला कशाचाच वास आला नाही. सातव्या आठवड्यात एका दुपारी आई तेलात मेथी परतत होती. मी जाऊन तिला मिठी मारली. ती म्हणाली, "अगं, करपेल!" या वसंतात मी भट्टीवर पूर्ण हंगाम काम केले. व्रण आहे. मान वर केली तरच दिसतो.

आज अकरा वाजता चौकीच्या व्हरांड्यात फख्री खानम बाकावर बसलेल्या दिसल्या. त्यांनी मला ओळखले नाही. मी नाव सांगितले. त्यांनी माझी हनुवटी धरून मान वर केली आणि नाक खालून नीट पाहिले.

"छान शिवलंय. डावीकडून श्वास येतो?"

मी हो म्हणाले. तेवढ्यात शिपाई त्यांना आत घेऊन गेला. आभार मानायचे राहिले.

हा मजकूर मला सावकाश वाचून दाखवण्यात आला. साहेबांनी तीन ठिकाणी "आरोपी फख्री" असे लिहिले होते. मी तसे बोलले नव्हते, म्हणून माझ्या सांगण्यावरून तिथे "फख्री खानम" केले. बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे आणि खरे आहे, म्हणून सही करते.