पाणकणसात टाकलेल्या ट्रॅक्टरच्या चावीबाबत

माझे नाव ग्लेनिस रासमुसेन, वय ६७ वर्षे, धंदा - पूर्वी शाळेच्या बसची चालक, सध्या घरीच, राहणार वारगुंडी, न्यू साउथ वेल्स. समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून जबाब देते की,

मी वरील ठिकाणी एकटी राहते. घरामागे पाणथळ अभयारण्य आहे. तिथल्या पाणकणसात, म्हणजे पाण्यात वाढणाऱ्या उंच गवतात, दरवर्षी बिटर्न घरटे करतो. हा बगळ्याच्या जातीचा तपकिरी पक्षी असून चाहूल लागताच मान ताठ वर करून पाणकणसासारखाच उभा राहतो, त्यामुळे सहसा दिसत नाही. यंदा घरट्यात पिल्ले आहेत. अभयारण्य समितीचे अध्यक्ष ट्रेव्हर हॅल्डेन यांना हे मी आधीच सांगितले होते.

बिटर्न पाहता यावा म्हणून समितीने मचाण बांधले. आज मंत्रीबाई उद्घाटनाला येणार होत्या. सकाळी हॅल्डेन मचाणावर चढले असता समोर पाणकणीस आडवे येते, असे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी ते कापायला ट्रॅक्टर बोलावला. चालक डार्सी हा माझ्या बहिणीचा मुलगा. मी पुन्हा घरट्याचे सांगितले, तेव्हा हॅल्डेन म्हणाले, "पाहुण्यांना दिसणारच नसेल, तर तो पक्षी असून उपयोग काय?"

डार्सीने इंजिन बंद केले, पण तो खाली उतरला नाही. त्याला सगळी कामे समितीकडूनच मिळतात. मी चावी काढून पाण्यात फेकली. त्याने मला अडवले की नाही, हे मला आठवत नाही.

चावी शोधायला हॅल्डेन सुटाबुटात पाण्यात उतरले व कमरेपर्यंत रुतले. मी त्यांना ढकलले हे खोटे आहे. तशी गरज पडली नाही. तेवढ्यात मंत्रीबाई आल्या. त्यांनी मचाणावरून खाली पाहून विचारले, "हाच का तो?" मी म्हटले, "नाही, तो लाजाळू असतो." त्यांनी फीत कापली व त्या निघून गेल्या.

मला इथे आणल्यावर डार्सीचा ठाण्यात फोन आला. तो म्हणाला, "मावशी, दुसरा ट्रॅक्टर आणून कापलं त्यांनी. मी नाही चालवला." मी घरट्याचे विचारले. त्याने फोन ठेवला.

पाणकणीस कापल्याबद्दल माझी तक्रार घ्यावी, असे मी म्हटले. समितीचे काम कायदेशीर असल्याने ती घेता येत नाही, चावीची मात्र घेता येते, असे मला सांगण्यात आले.

जबाब मला वाचून दाखवला. 'केल्याचा मला पश्चात्ताप होत आहे' हे शेवटचे वाक्य हवालदारांनी आपल्या मनाने घातले होते, ते मी खोडायला लावले. बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे आहे.