डावा पीळ माझ्या हातचा

आपल्या संस्थेचे सन्माननीय अध्यक्ष कल्याणराव साहेब, आदरणीय प्राचार्य साहेब, व्यासपीठावरचे मान्यवर, प्राध्यापक मंडळी, आणि मागं भिंतीला टेकून उभे असलेले माझे शिपाई बंधू,

एकतीस वर्षं या कॉलेजच्या केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये मी, पंडित, काचेची भांडी धुतली. आज माझ्याबद्दल लई गोड बोललात. फोडलेल्या ब्युरेटींची आठवण कुणी काढली न्हाई, आभारी हाय. प्राचार्य साहेब, घड्याळाकडं बघू नका. रिटायर माणसाला मेमो देता येत न्हाई.

मला एमेस्सीच्या कावेरीबद्दल बोलायचंय. आष्टीकडची पोरगी. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत तिला जागा मिळतीय. परवा सोमवारपर्यंत फक्त कॉलेजचं शिफारसपत्र पायजे. ते प्राचार्य साहेबांनी अडवलंय. कावून? तर बाहेरून आलेले परीक्षक तिच्या मॉडेलला हसले, कॉलेजचं नाव गेलं म्हणून.

मंडळी, मॉडेल कशाचं होतं ठाऊक हाय का? एड्सच्या विषाणूचा आरएनए. एकपदरी धागा, स्वतःवरच दुमडून पीळ घेतो. मधे एका जागी फुगवटा राहतो, तिथं खोबण तयार होते. त्या खोबणीत विषाणूचं एक प्रथिन बसतं आणि विषाणूचं काम पुढं चालतं. आता जखमेच्या मलमात असतं ते निओमायसिन, जंतू मारायचं अँटिबायोटिक. त्याच्यावर धन भार, आरएनएवर ऋण भार, म्हणून ओढ. पण नुसत्या ओढीनं भागत न्हाई, आकारही जुळावा लागतो. जुळला की निओमायसिन खोबणीत जाऊन बसतं, प्रथिनाला जागा उरत न्हाई. हे अजून टेस्ट ट्यूबमधलं हाय बरं का, कुणी मलम खायला जाऊ नका! हे सगळं कावेरीनं मला स्टुलावर बसवून शिकवलं. सातवी पास माणसाला समजलं, म्हणजे तिला किती समजलं असंल?

मग चूक कुठं झाली? तिनं सुतळी आणि मणी आणले, तारेचं निओमायसिन केलं. सुतळीला पीळ मी दिला. दुमडलेला दोर दिसला की माझा हात बैलाचं दावं वळतो, आणि आमच्या घरी दावं डाव्या पिळाचं. आरएनएचा पीळ उजवा! उजव्या पायाची चप्पल डाव्या पायात घालावी तसं झालं. परीक्षकांपुढं निओमायसिन बसंना.

“हा पीळ कुणी दिला?” त्यांनी विचारलं.

“मी दिला, सर,” कावेरी म्हणाली.

मी तिथंच उभा होतो, हातात ट्रे घेऊन. रिटायरमेंटला महिना राहिला होता. मी गप्प बसलो. आयुष्यात एवढी लाज मला कधी वाटली न्हाई. ते गेल्यावर आमी सुतळी उकलून उजव्या पिळानं वळली, निओमायसिन अलगद बसलं. बघायला प्राचार्य साहेब आले न्हाईत. मी तीनदा बोलवायला गेलतो.

ही शाल लई देखणी हाय, पण पत्रावर सही झाल्याशिवाय मी ती अंगावर घेणार न्हाई. टाईप केलेलं पत्र माझ्या खिशात हाय. आपण सगळ्यांनी ऐकून घेतलंत, उपकार झाले. बोलण्यात कमीजास्त झालं असंल तर मोठ्या मनानं माफ करा. कावेरीची माफी मात्र मी एकट्यानं मागून भागणार न्हाई.

प्राचार्य साहेब, हे घ्या पत्र. मी इथं उभाच हाय.